लेख उडाला, आता गुण कसे देऊ?

पत्र:

सर, मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. यंदा बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या ५८ मुलांना अंतर्गत मूल्यमापनाच्या २० गुणांसाठी मराठी विकिपीडियावर प्रत्येकी एक नवा लेख लिहायला सांगितला. मुलं हौसेनं लागली. पण चार दिवसांत निम्म्याहून जास्त लेख काढून टाकले गेले. एक मुलगी रडवेली होऊन आली, "म्याडम, माझा लेख उडाला." तिनं गावच्या तलावावर मनापासून लिहिलं होतं. काहींनी इकडून तिकडून उचललं हेही खरं, आणि काहींचं मराठी वाचून मला ते एआयनं लिहिलेलं वाटतं. विभागातले एक सर म्हणतात, ही पुण्या-मुंबईची कामं आहेत, आपल्या पोरांना साधा अर्ज लिहिता येत नाही. त्यातच प्राचार्य सरांची इच्छा आहे की संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसापर्यंत त्यांच्यावरही एक लेख यावा. उपक्रम बंद करू का? ज्यांचे लेख उडाले त्यांना गुण कसे देऊ?

– एक प्राध्यापिका

उत्तर:

नमस्कार मॅडम,

उपक्रम बंद करू नका. पण "प्रत्येकी एक नवा लेख" ही अट उद्याच फळ्यावरून पुसून टाका. सगळा घोळ तिथून सुरू झाला आहे.

गुणांचं आधी सांगतो, कारण मुलांचा जीव त्यात अडकलेला असणार. लेख टिकला की उडाला, यावर एकही गुण ठेवू नका. विकिपीडियावर काय राहील हे तुमच्या हातात नाही, मुलांच्या तर नाहीच. ज्यावर त्यांचा ताबा नाही त्याचे गुण कापणं अन्यायाचं होईल. उलट टिकलेला प्रत्येक लेख चांगलाच असतो असंही नाही. कधी तो कुणाच्या नजरेला पडलेला नसतो, एवढंच. गुण द्या ते मुलांनी केलेल्या कामाला. माहिती कुठून आणली, तो कागद किंवा पान दाखवता येतं का, ते स्वतःच्या शब्दांत मांडलं का, दुसऱ्याच्या लेखातली एक चूक दाखवली का, आणि समोर बसवून दहा मिनिटं विचारलं तर सांगता येतं का. यातले निम्मे गुण मी पहिल्या दोन गोष्टींना देईन.

उडालेला मजकूरही कायमचा गेला असं समजू नका. पान काढलं की त्याचा इतिहास आपल्याला दिसत नाही, पण प्रचालकांना, म्हणजे पानं काढण्याचे अधिकार असलेल्या स्वयंसेवकांना, दिसतो. ज्या प्रचालकानं पान काढलं त्याच्या चर्चापानावर मुलांना स्वतः, नम्रपणे विचारू द्या की मजकूर माझ्या धूळपाटीवर परत मिळेल का. नक्कल केलेला मजकूर मिळणार नाही. बाकीचा बहुतेक वेळा मिळतो. धूळपाटी म्हणजे प्रत्येक सदस्याची सरावाची जागा, हे तुम्ही जाणताच. मुलांनी सुरुवातच तिथं करायला हवी होती.

आता तलावाच्या लेखाकडे येतो. तुम्ही पत्रासोबत तिचा परिच्छेद पाठवलात हे फार बरं झालं. पहिलंच वाक्य असं आहे: "आमच्या गावातील ऐतिहासिक तलाव सुमारे ४०० वर्षांपूर्वी गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधला असून तो अतिशय निसर्गरम्य आहे." वाचून मला त्या मुलीचं कौतुक वाटलं, कारण या एका वाक्यात तुमच्या साऱ्या भागाचा इतिहास आहे. पण ज्ञानकोशात ते जसंच्या तसं उभं राहू शकत नाही. ते का, हे तिला वर्गासमोर फळ्यावर करून दाखवा. तुमचा एक तास त्यात सत्कारणी लागेल.

"आमच्या" काढा, कारण वाचणारा रत्नागिरीचाही असेल. "ऐतिहासिक" आणि "अतिशय निसर्गरम्य" काढा, ती आपली माया झाली. मग उरतात तीन दावे: ४०० वर्षं, गोंड राजांचा काळ आणि कोहळी. आता तिला विचारा, हे तुला कुणी सांगितलं? ती म्हणेल, "आजा सांगते ना म्याडम." आजोबा खोटं सांगत नसतील. पण विकिपीडियाचा नियम पडताळण्याजोगतेचा आहे. वाचणाऱ्याला आजोबांच्या ओट्यावर न जाता ते तपासून पाहता आलं पाहिजे. यात आजोबांचा अपमान नाही, हे तिला नीट समजावून सांगा. आपल्या भागातल्या मुलांना "घरच्यांचं चालत नाही" हे वाक्य फार लागतं. इथवरच्या शाळेनं त्यांना ते पुष्कळ वेळा ऐकवलेलं असतं.

मग त्या तीन दाव्यांपैकी कुठला कुठं छापलेला सापडतो हे तिला शोधायला लावा. इंग्रजांच्या काळी भंडारा ज्यात होता त्या मध्यप्रांताच्या जिल्हा गॅझेटिअरांच्या, म्हणजे सरकारी माहितीग्रंथांच्या, मालिकेत भंडारा जिल्ह्याचा खंड १९०८ साली निघाला, आर. व्ही. रसेल यांनी संपादित केलेला. त्यात तलाव आहेत, कोहळी आहेत, त्यांचं तलाव बांधण्याचं कसब आहे. पुढे महाराष्ट्र शासनानंही जिल्ह्याचं गॅझेटिअर काढलं. दोन्ही इंग्रजीत आहेत, पण घाबरायचं कारण नाही. तुमच्या कॉलेजात इंग्रजीचा विभाग आहेच, दोन विभागांनी मिळून एक पान वाचावं. एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या गॅझेटिअरात जातींबद्दल जी भाषा आहे ती इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेची आहे. ती जशीच्या तशी मराठीत उतरवू नका. घ्यायचं ते तलावांचं, शेतीचं, गावांचं.

आणि इथं ती मुलगी एका मोठ्या गोष्टीला हात घालेल. गॅझेटिअर जे सांगतं ते साऱ्या मुलखातल्या तलावांबद्दल. तिच्या गावच्या तलावाचं नाव त्यात असेलच असं नाही. नसेल, तर "गॅझेटिअरात लिहिलंय" म्हणून ते वाक्य आपल्या गावाला चिकटवता येणार नाही. ते माजी मालगुजारी तलावांवरच्या, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (गावच्या जमीनदारांच्या) ताब्यात असलेल्या तलावांवरच्या लेखात घालावं, संदर्भासकट. तिथं सांगण्यासारखं खूप आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातली हजारो तळी नि बोड्या (लहान तळी), १९५० च्या कायद्यानं मालगुजारी जाऊन तलाव सरकारकडे येणं, निस्ताराचे, म्हणजे गावकऱ्यांचे वापराचे, हक्क, पुढे साचत गेलेला गाळ. नवेगाव बांधचा तलाव तर सगळ्यांना माहीत आहे. पण तुडूम म्हणजे काय, पाणी सोडायची ती जुनी मोरी कशी असते, हे चित्रासकट कुठं वाचायला मिळतं? तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी तुडूम डोळ्यांनी पाहिलेली असेल. एकानं मोबाइलवर तिचा नीट फोटो काढून कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या सामाईक साठ्यात, कुणालाही वापरता येईल अशा मुक्त परवान्यानं चढवला, तर माझ्या लेखी ते ५८ नव्या लेखांपेक्षा जास्त मोलाचं आहे.

तिच्या गावासाठी काय उरलं? पुष्कळ उरलं. २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका काढा. तिच्यात गावागावाचं क्षेत्रफळ, कुटुंबं, लोकसंख्या, शाळा-दवाखाना, आणि कुठल्या साधनानं किती हेक्टर ओलीत होतं, हेसुद्धा दिलेलं असतं. विहिरीखाली किती आणि तलावाखाली किती. म्हणजे "गावात एक मोठा तलाव आहे" याऐवजी तिला लिहिता येईल की गावातली एवढी हेक्टर जमीन तलावाच्या पाण्यावर भिजते, आणि पुढे संदर्भ. आजोबांच्या शेताची गोष्टही त्यात आली, आणि ती कुणाला उडवता येणार नाही.

आता पुढच्या सत्रात काय करायचं, ते सांगतो. नवी पानं काढूच नका. मराठी विकिपीडियावर विदर्भातल्या कितीतरी गावांची पानं आधीच आहेत. आपल्या तालुक्यातलं एखादं उघडून पाहा. गाव अमुक तालुक्यातलं आहे, एवढं एक वाक्य, सगळ्या गावांना लागू पडेल असं हवामान, आणि खाली मथळे: लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे. मथळ्यांखाली काहीच नाही. घर बांधून कुणी राहायलाच आलं नाही असं ते दिसतं. मला ती पानं पाहून दरवेळी चुटपुट लागते. तुमची ५८ मुलं किमान ३० गावांतली तरी असतील. दोघांनी मिळून एक गाव घ्यावं आणि त्या रिकाम्या मथळ्यांखाली तीन वाक्यं घालावीत. तीनच, पण प्रत्येकाला संदर्भ. पान आधीच असल्यामुळे "हा विषय ज्ञानकोशात हवा का" हा उल्लेखनीयतेचा वाद उद्भवत नाही, आणि तपासणाऱ्यांनाही सोपं जातं. ते तपासणारे म्हणजे पगारी माणसं नव्हेत, आपापली नोकरी-शेती सांभाळून रात्री बसणारे मोजके स्वयंसेवक आहेत. त्यांच्या अंगावर एका आठवड्यात ५८ नवी पानं टाकायची नसतात. म्हणून सुरू करण्याआधी विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे सदस्यांच्या चर्चेच्या पानावर, चार ओळी लिहा: अमुक कॉलेज, इतकी मुलं, या तारखा, हे काम. कुणीतरी मदतीला येतं, असा माझा अनुभव आहे.

हे मी स्वतः चूक करून शिकलो. ग्रंथपाल असताना मी अशाच एका कॉलेजात ४० मुलांना लेखाला लावलं. शेवटची तारीख दिली आणि निश्चिंत झालो. आदल्या रात्री सगळ्यांनी मिळून पाठ्यपुस्तकं उतरवून काढली. दुसऱ्या दिवशी एका स्वयंसेवकानं तो सगळा मजकूर साफ केला आणि मला कळवलं, तेव्हा मान खाली घालावी लागली. मुलांना मी नक्कल म्हणजे काय हे कधी शिकवलंच नव्हतं. बारावीपर्यंत त्यांना उतरवून काढण्याचेच गुण मिळाले होते. हेच फार मोठ्या प्रमाणावर २०११ साली पुण्यात घडलं. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं तिथल्या काही महाविद्यालयांत इंग्रजी विकिपीडियासाठी प्रकल्प घेतला, शेकडो विद्यार्थी एकदम उतरले, पुस्तकांतला मजकूर उचलला गेला आणि त्याच वर्षी प्रकल्प थांबवावा लागला. साफसफाई करणाऱ्यांचे पुढे महिने गेले. ती मुलं शहरातली होती, इंग्रजीतून शिकणारी होती. तेव्हा तुमच्या सहकारी सरांना सांगा की यात खेड्याचा नि शहराचा प्रश्न नाही, शिकवण्याचा आहे.

आणि "पुण्या-मुंबईची कामं" म्हणणाऱ्यांना हेही सांगा, की मराठीतला पहिला मोठा ज्ञानकोश ज्यांनी केला ते श्रीधर व्यंकटेश केतकर रायपूरला जन्मले, अमरावतीत शिकले, आणि ज्ञानकोशाचं मंडळ त्यांनी १९१६ साली नागपुरात उभं केलं. पुण्याला ते बिऱ्हाड नंतर गेलं. २३ खंड झाले. ज्ञानकोश लिहिणं ही या मातीला परकी गोष्ट नाही.

एआयबद्दल. संशय आला की मुलाला झापू नका, संदर्भ उघडायला सांगा. मी असे लेख तपासतो तेव्हा पहिल्यांदा तळटीपच पाहतो. पुस्तकाचं नाव भारदस्त, लेखकाचं नाव भारदस्त, आणि पुस्तक कुठल्याच ग्रंथालयात नाही. यंत्रानं ते रचलेलं असतं. दुसरी खूण भाषेची. "हे गाव आपल्या समृद्ध सांस्कृतिक वारशासाठी ओळखले जाते" असं कुणी धानाच्या बांध्यात उभं राहून म्हणत नाही. म्हणून नियम करा: पहिला मसुदा वहीत, हातानं, वर्गात बसून, आणि शेजारी ज्या पानावरून माहिती घेतली त्याची झेरॉक्स किंवा फोटो. विश्वकोशातून किंवा वर्तमानपत्रातून उतारा उचलायचा नाही. पुस्तक मिटून आपल्या शब्दांत लिहायचं. तालुक्याच्या गावी लॅबमध्ये वीज असेल-नसेल, वही असतेच. ज्या मुलांना अर्ज लिहिता येत नाही असं सर म्हणतात, त्यांना तीन खरी वाक्यं लिहिता आली की अर्जही येईल.

अध्यक्षांच्या लेखाचं दुखणं मी समजू शकतो. तासिका तत्त्वावरच्या माणसानं प्राचार्यांना नाही कसं म्हणावं? तुम्ही एकट्या "नाही" म्हणू नका, विकिपीडियाचा नियम पुढे करा. प्राचार्य सरांना सांगा: सर, ज्या संस्थेत आपण काम करतो तिच्यावर किंवा तिच्या पदाधिकाऱ्यांवर आपणच लिहिणं हा तिथं हितसंबंधाचा प्रश्न मानला जातो. पान निघालं नि वाढदिवसाच्या दिवशीच उडालं, तर साहेबांना काय वाटेल? "शिक्षणमहर्षी" हा शब्द दिसला की ते पान पहिल्यांदा तपासलं जातं. त्याऐवजी आपल्या विद्यार्थ्यांनी तालुक्यातल्या एकोणतीस गावांची पानं भरली, ती यादी साहेबांच्या हस्ते प्रसिद्ध करू. फोटो येईल, बातमी येईल, आणि मुलांचं काम राहील. साहेबांच्या कामाबद्दल दुसऱ्यांनी, स्वतंत्रपणे, पुरेसं लिहिलेलं असेल तर पुढेमागे कुणी परकं माणूस तो लेख लिहीलच. माझ्या पाहण्यात प्राचार्य बहुधा हे ऐकतात, त्यांनाही फजिती नकोच असते.

आजोबांची गोष्ट मात्र सोडू नका. विकिपीडियात ती बसत नाही म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. त्या मुलीला फोन घेऊन आजोबांसमोर बसवा. नाव, गाव, तारीख सुरुवातीला म्हणवून घ्या, आणि तलाव कुणी बांधला, पाणी कुणाच्या शेताला आधी जायचं, गाळ कोण काढायचं, मासे कुणाचे, हे सगळं विचारा. आजोबांची परवानगी घेऊन ते कॉलेजच्या ग्रंथालयात जपून ठेवा. वार्षिकांकात छापायचं तर छापा, पण आपणच छापून आपणच त्याचा संदर्भ द्यायचा, असं करू नका, ती पळवाट होते. उद्या तुमच्या भागावर कुणी संशोधक काम करायला आला तर त्याला हेच ध्वनिमुद्रण सोन्यासारखं वाटेल. झाडीबोलीत, आपल्या भागातल्या बोलीत, बोललेलं असेल तर तसंच राहू द्या, शुद्ध करायच्या भानगडीत पडू नका.

आता थोड्या बारीक गोष्टी. एका इंटरनेट जोडणीवरून विकिपीडियावर दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. लॅबमध्ये ५८ मुलांना एकदम बसवाल तर सातव्याला अडेल आणि सगळ्यांना वाटेल आपलंच काही चुकलं. मुलांना घरून, ज्याच्या त्याच्या मोबाइलच्या डेटावर खातं उघडून यायला सांगा. कॉलेजच्या नावाचं एकच सामाईक खातं काढू नका, एका खात्यामागे एकच माणूस हाच तिथला नियम आहे. मुलींना खरं नाव वापरायची सक्ती नको. मोबाइल नंबर, स्वतःचा फोटो सदस्यपानावर टाकू नका, हे मुलग्यांनाही सांगा. दंडारीचे (लोकनाट्याचे) किंवा शंकरपटाचे (बैलांच्या शर्यतीचे) फोटो काढलेत तर ज्यांचे चेहरे दिसतात त्यांना विचारून चढवा.

वेळापत्रक विद्यापीठाचं पाहू नका, धानाचं पाहा. रोवणीच्या दिवसांत तुमचा वर्ग अर्धा रिकामा असणार, आणि जे येतील तेही कंबर धरून बसलेले असतील. पोळा झाला की सुरू करा. पहिले दोन आठवडे फक्त वाचन: गॅझेटिअर, जनगणना पुस्तिका, ग्रंथालयात विदर्भ साहित्य संघाच्या 'युगवाणी' नियतकालिकाचे जुने अंक असतील तर तेही. मग वही, मग धूळपाटी. पानावर हात लावायचा तो शेवटी, आणि धान कापणीला येण्याआधी संपवा. गोंदिया जिल्ह्यातली काही मुलं तुमच्याकडे येत असतील, तर त्यांना सांगा की त्यांचा जिल्हा १९९९ साली वेगळा झाला, त्याआधीची त्यांची गावं भंडाऱ्याच्या पुस्तकांतच सापडतील. १९५६ च्या आधीचं हुडकताना "मध्यप्रदेश" या नावाखालीही पाहायला हवं, कारण तोवर हा भाग त्या राज्यात होता. ही गोष्ट न कळल्यामुळे मी पाहिलेल्या कितीतरी मुलांनी "आपल्या गावाबद्दल काहीच लिहिलेलं नाही" असं ठरवून टाकलं होतं.

या सत्रापुरतं एवढंच करा: ज्यांचे लेख उडाले त्यांना वहीतला मसुदा आणि एक तरी खरा संदर्भ घेऊन पंधरा दिवसांनी परत बोलवा आणि त्यावर गुण द्या. तलाववाल्या मुलीला सगळ्यात आधी बोलवा. १९०८ च्या खंडातला तलावांबद्दलचा भाग तुमच्या ग्रंथालयात नसेल तर मला कळवा. माझ्याकडे त्या पानांच्या झेरॉक्स आहेत, टपालानं पाठवतो.